तडतड्याचा थंडीतला राग

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे तडतड्या म्हणत, आणि तोंडावरच म्हणत, कारण पाठीमागे म्हटलेलं कानावर गेलं तर तो जास्त तडतडायचा. तो जिना उतरायला लागला की तळमजल्यावरची मांजरं आपणहून रस्ता बदलायची. एकदा त्याने नुसतं डोळे वटारून पाहिलं तर चहाची किटली गॅस न पेटवता उकळली, असं त्याची बायको सांगायची. बायको शिवणकाम करायची, मापात बोलणारी बाई होती, तेव्हा त्यात अतिशयोक्ती असलीच तर फार तर अर्धा कप असेल.

आणि राग येणार नाही तर काय होईल? कामच तसलं. लोक लिफ्टचं बटण एकदा दाबून थांबत नाहीत. दाबतात, परत दाबतात, मग अंगठ्याने रगडतात, जशी काही लिफ्ट वर कुठेतरी झोपली आहे आणि तिला गदागदा हलवून उठवायचं आहे. मिटणाऱ्या दारात पाय घालतात, छत्री घालतात, एका बाईने तर स्वतःचा नवरा घातला होता. मग दार बिघडलं की फोन येतो, "अहो, तुमची लिफ्ट पुन्हा बंद!" तुमची! तडतड्या हत्यारांची पिशवी खांद्याला मारून, बंद लिफ्टला वळसा घालून गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीपर्यंत जिना चढायचा आणि दर मजल्यावर एकेकाचा उद्धार करायचा. संध्याकाळपर्यंत राग एवढा साठायचा की तो घेऊन घरी जाणं धोक्याचं होतं. म्हणून तो पळायचा. कोणी वजनासाठी पळतं, कोणी हवेसाठी. तडतड्या नुसत्या रागावर पळायचा, आणि चांगला पळायचा. गावातले झाडून सगळे पळणारे त्याच्या मागे असत.

एक सोडून. तो एक म्हणजे टपालवाला.

टपालवाल्यावर चिडायचं म्हटलं तरी कोणाला जमायचं नाही. गोल चेहरा, जाड मिशा, सायकलवरून जाताना कुत्र्यांनाही 'काय म्हणताय' विचारणारा. लोक सांगत की वीजबिल आणून दिलं तरी त्याला म्हाताऱ्या बायका आशीर्वाद देत. आणि हा माणूस दर शर्यतीत शेवटच्या वळणावर तडतड्याच्या खांद्याजवळून, जणू रस्त्यात माफी मागत, पुढे निघून जायचा.

त्या वर्षीची शेवटची शर्यतही तशीच गेली. तडतड्या धापा टाकत पोचला तेव्हा टपालवाला पाण्याचा पेला घेऊन उभा होता. म्हणाला, "छान पळालात हं, दादा."

हार त्याने गिळली असती. ते 'हं' मात्र घशात अडकलं. तळपायाची आग मस्तकात गेली आणि सगळ्यांच्या देखत तो ओरडला, "ऐक! नव्या सीझनची पहिली शर्यत, पुलाची! तीत हरलो तर हे बूट काढून तुझ्या सायकलच्या हँडलला बांधीन आणि पुन्हा आयुष्यात पळणार नाही!"

"असं काय करता, दादा," टपालवाला कळवळून म्हणाला, आणि त्यामुळे तर ती शपथ पक्कीच झाली.

मग थंडी आली, शर्यती बंद झाल्या. पळणाऱ्यांच्या क्लबातले सर, ज्यांच्या गळ्यात शिट्टी आणि तोंडात घशाची गोळी कायम असायची, त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "ऑफ सीझन म्हणजे सुट्टी नाही. हळू पळा, जिने चढा, पायात ताकद भरा. आणि मुख्य म्हणजे रोज घराबाहेर पडा. बाहेर पडायचं कारण मी देणार नाही, ते ज्याचं त्याने शोधायचं."

"माझ्याकडे आहे," तडतड्या गुरगुरला. त्याच्याकडे ते 'हं' होतं. थंडीभर पुरेल एवढं.

पण राग काही लोणच्यासारखा बरणीत टिकत नाही. सुरुवातीला तो पहाटे 'हं' म्हणत उठायचा आणि तरातरा निघायचा. मग पाऊस लागला. मग अंधार वाढला. शर्यत नाही, टपालवाल्याची पाठ समोर नाही, पाण्याचा पेला नाही. हळूहळू ते 'हं' आठवायला जोर लावावा लागायला लागला, आणि एका पहाटे त्याने पांघरुणात पडल्यापडल्या ते आठवून पाहिलं तर त्याला वाटलं, तसं काही वाईट नव्हता म्हणाला. तो कुशीवर वळला. बूट पलंगाखाली गेले. डाव्या बुटात एका कोळ्याने संसार थाटला, उजव्यात त्याचे पाहुणे उतरले.

कामावरसुद्धा बोभाटा झाला. एका इमारतीत एक गृहस्थ तडतड्यासमोर बटण रगडत होते. रगडून झाल्यावर त्यांना मागे कोण उभं आहे ते कळलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. तडतड्या म्हणाला, "चालायचंच. असते एकेकाला सवय." गृहस्थ एवढे घाबरले की जिन्याने गेले.

"आई, ह्यांचं काहीतरी बिनसलंय," बायको त्या संध्याकाळी म्हणाली. "काल सूप गार होतं तर मला म्हणाले, असू दे."

"असू दे म्हणाले?"

"दोनदा."

आई म्हणजे तडतड्याच्या सासूबाई. त्या लेकीकडेच राहायच्या. उभा जन्म त्यांनी बसमध्ये कंडक्टरकी केली होती. गच्च बसमध्ये त्यांनी 'पुढे सरका' म्हटलं की माणसं सरकत सरकत ड्रायव्हरच्या मांडीवर जाऊन बसत. आता त्या खिडकीतल्या खुर्चीत बसून खालची गल्ली हाकत. त्यांनी हातातलं विणकाम बाजूला ठेवलं.

"हा माणूस हरणार," त्या म्हणाल्या. "हरला की बूट जाणार. बूट गेले की पळणं बंद. पळणं बंद झालं की तो राग कुठे जाणार, सांग? घरात बसणार. आपल्या दोघींबरोबर. उठता बसता."

बायकोच्या हातातून टाचणीची डबी पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई चहा घेत बसले असताना सासूबाईंनी खिडकीबाहेर बघत सहज म्हटलं, "काल खाली टपालवाला भेटला होता."

"बरं."

"काही विशेष नाही. विचारत होता, जावईबापूंची ढेरी काय म्हणते."

कप ओठाजवळ थांबला. कपातल्या चहावर बारीक बुडबुडे आले.

"ढेरी?"

"मी म्हटलं, बरी आहे. तर हसला."

तडतड्या उठला, पलंगाखाली वाकला, कोळ्याला पाहुण्यांसकट जमिनीवर झटकून पळायला गेला. परत आला तेव्हा अंगातून वाफा निघत होत्या.

त्या दिवसापासून चहाबरोबर रोज एक निरोप यायला लागला. आज टपालवाला म्हणे, दादांनी आता बुद्धिबळ शिकावं. आज म्हणे, दादांचे बूट माझ्या हँडलला शोभतील का, की आधी पॉलिश करू. आज काही बोलला नाही, नुसतं ढेरीचा आकार हाताने दाखवून गेला. सासूबाई हे अगदी अनिच्छेने सांगत, "मी सांगणार नव्हते, पण" अशी सुरुवात करून. आणि तडतड्या पळत होता. पावसात पळत होता, चढावर पळत होता. गावातल्या सगळ्या उंच इमारतींचे जिने त्याने पिशवीसकट घासून काढले. तो गेला त्या रस्त्यावरची डबकी वाळायची आणि मागून बायका तिथे कपडे वाळत घालायच्या, इतकी धग होती. ढेरी गेली. पोटऱ्या लिफ्टच्या दोरासारख्या पिळदार झाल्या. पुन्हा लोक एकदाच बटण दाबायला लागले.

सासूबाईंना स्वतःच्या कलेचं कौतुक वाटायला लागलं, आणि तिथेच त्या घसरल्या. एका सकाळी म्हणाल्या, "मी सांगणार नव्हते, पण टपालवाला म्हणतो, गावातल्या लिफ्टा बंद पडतात कशा? हाच पाडतो म्हणे. जिन्यात सराव करता यावा म्हणून."

बायकोचं शिवणयंत्र थांबलं.

ढेरीवर बोला, वयावर बोला. पण तडतड्याने आयुष्यात एकही लिफ्ट मुद्दाम बंद पाडली नव्हती. सणसणीत ताप अंगात असताना तो गच्चीवर चढून अडकलेली माणसं बाहेर काढायचा आणि मग त्यांना शिव्या द्यायचा. त्याने कप ठेवून पिशवीतला पाना उचलला. उठला आणि हातात पाना होता तसा निघाला. पळाला नाही, चालत गेला. ते जास्त भयंकर होतं.

टपालवाला सायकलच्या दुकानामागच्या एका खोलीत एकटाच राहायचा. दार उघडंच होतं. तडतड्याने ते तरीही लाथेने उघडलं.

टपालवाला खुर्चीत बसला होता. एक पाय उपड्या बादलीवर, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. त्याचा चेहरा उजळला. "या, दादा! पाना घेऊन आलात? कसं कळलं तुम्हाला? नळ गळतोय माझा."

"नळ?" तडतड्या गरजला. "मी लिफ्टा पाडतो काय रे?"

"कोण म्हणतं?"

"तू म्हणतोस! आमच्या खिडकीखाली उभा राहून रोज माझ्या ढेरीची चौकशी करतोस! काल हाताने आकार दाखवलास!"

टपालवाल्याने गोंधळून स्वतःच्या हातांकडे बघितलं. "दादा, मी थंडी लागल्यापासून तुमच्या गल्लीत आलेलोच नाही. गुडघा सुजला ना माझा. मला कचेरीत पत्रं लावायला बसवलंय. तुमच्याकडे टपाल टाकते ती नवी मुलगी. दिसली नाही तुम्हाला?"

टपाल यायच्या वेळेला तडतड्या कायम कुठल्या ना कुठल्या गच्चीवर असायचा. त्याला कोण दिसणार? तो तसाच उभा राहिला. नळ टप टप गळत होता. त्याच्या डोळ्यांसमोर रोजचा चहा आला, आणि चहाच्या पलीकडे खिडकीबाहेर बघणारा एक साळसूद चेहरा आला.

"म्हातारी!" तो दातओठ खात म्हणाला.

"बसा ना, दादा. आणि बूट वगैरे काही बांधू नका हं तुम्ही. मी यंदा पळतच नाहीये. तुम्ही जिंकलात असं समजा."

"समजा?" तडतड्याचा आवाज एवढा चढला की पलीकडच्या दुकानातल्या सायकलच्या घंट्या किणकिणल्या. "थंडीभर मी जिने घासले ते समजायला? डॉक्टर काय म्हणाला?"

"म्हणाला, सूज उतरलीय, आता रोज चाला, हळूहळू पळा. पण मन लागत नाही हो. सकाळी वाटतं, शर्यत लांब आहे. संध्याकाळी वाटतं, उद्या बघू. पांघरूण सोडवत नाही. कोणासाठी उठायचं?"

"माझ्यासाठी ऊठ! मला तुला हरवायचंय, गाढवा! तू खुर्चीत बसलास तर मी काय खुर्चीला हरवू?"

"राग मानू नका, दादा."

"मानणार! आणि तूही मान! असा काय लोण्याचा गोळा होऊन बसलायस!"

"मला येतच नाही हो राग," टपालवाला ओशाळून म्हणाला. "लहानपणापासून."

तडतड्याने रागारागात नळ दुरुस्त केला, इतका घट्ट की पुढे तो उघडायला दोन माणसं लागायची, आणि घरी आला.

"आई!"

"आलात? पाणी देऊ?"

"टपालवाला थंडीभर इकडे फिरकलेला नाही!"

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या. "मग कोण असेल तो?"

"रोज खोटं बोललात! रोज! चहाबरोबर!"

"चहा तर खरा होता ना?"

"माझी ढेरी! माझं वय! माझ्या लिफ्टा!"

"ढेरीचं मी पदरचं काही बोलले नाही, जावईबापू. दिसत होतं तेच सांगितलं."

"आणि लिफ्टांचं?"

विणकामाची सुई सासूबाईंनी दोनदा फिरवली. "ते जास्त झालं," त्या म्हणाल्या. "ते मागे घेते."

कंडक्टरकीच्या सबंध काळात त्यांनी कोणाचं काही मागे घेतलेलं लेकीला आठवत नव्हतं. तडतड्याही क्षणभर अडखळला. मग पाना टेबलावर आपटून खाली बसला. "आता काय उपयोग! तो पळणारच नाही. त्याला राग येत नाही म्हणे."

"प्रत्येकाला येतो," सासूबाई म्हणाल्या. "कुठे दाबायचं ते कळायला लागतं."

"मग जा!" तडतड्या ओरडला. "माझं डोकं खाल्लंत ना थंडीभर? आता त्याचं खा!"

सासूबाई दुसऱ्याच दिवशी शाल घेऊन गेल्या. तासाभराने परतल्या त्या थेट पलंगावर आडव्या झाल्या. "मी म्हटलं, तुमची सायकल म्हणजे भंगार आहे. म्हणतो, खरं आहे, मावशी. म्हटलं, मिशा म्हणजे शेवाळ. म्हणतो, काढून टाकू का? उशीत सुई टोचावी तसं गं बाई. आत जाते, आवाज नाही. असला प्रवासी माझ्या बसमध्ये कधी चढला नव्हता."

पण त्या हरणाऱ्या नव्हत्या. पुन्हा गेल्या तेव्हा त्यांच्या हातात एक ओलं पाकीट होतं.

"हे कोणाचं हो?" त्यांनी विचारलं.

टपालवाल्याने पत्ता वाचला. "हे पलीकडच्या इमारतीतल्या मास्तरांचं. तुमच्याकडे कसं?"

"आमच्या डब्यात होतं. रोजच असतं काही ना काही. मास्तरांचं आमच्यात, आमचं कोणाच्या तरी डब्यात. आणि नीट आतसुद्धा टाकत नाहीत. अर्धी पाकिटं बाहेर लोंबतात. पाऊस पडतो, शाई ओघळते."

टपालवाल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"बाहेर लोंबतात?"

"जिभेसारखी."

"पावसात?"

"मास्तर बिचारे डब्यात हात घालतात आणि रिकामा काढतात."

टपालवाल्याने पाय बादलीवरून खाली घेतला. बादली लाथाडली. मग त्याच्या तोंडून, जन्मात पहिल्यांदाच, एक शब्द निघाला. "नालायक!" त्याचा त्यालाच धक्का बसला. त्याने तो पुन्हा म्हणून पाहिला, जरा मोठ्याने. मग ते पाकीट छातीशी धरून तो लंगडत बाहेर पडला. ते मास्तरांच्या दारात, कोरडं करून, स्वतःच्या हाताने टाकल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं.

नवी मुलगी बिचारी अगदी चोख होती. पाकीट सासूबाईंनीच केलं होतं. पत्ता त्यांनी लिहिला, वापरलेलं तिकीट त्यांनी चिकटवलं, आणि पाऊस कुंड्यांना पाणी घालायच्या झारीतून पाडला. आत काही नव्हतं. ते टपालवाल्याला कळायचं कारण नव्हतं, कारण टपालवाला दुसऱ्याचं पाकीट उघडत नाही. मग रोज एक पाकीट चुकायला लागलं, कधी गावाच्या ह्या टोकाचं, कधी त्या. टपालवाला आधी लंगडत गेला, मग भरभर चालत, मग दात खात पळत. मास्तरांना वरचेवर रिकामी पाकिटं मिळायला लागली. त्यांना वाटलं कोणीतरी आपल्यावर प्रेम करतंय पण त्या व्यक्तीला शब्द सुचत नाहीत, आणि ते मिशीला रंग लावू लागले.

आता सकाळी रस्त्यावर दोघं असत. पुढे तडतड्या, "पाय उचल! गोगलगाईला लाजवतोस!" म्हणत, मागे टपालवाला, "लोंबतात म्हणे! लोंबतात!" असं पुटपुटत. क्लबातल्या सरांनी एकदा त्यांना पाहिलं आणि तोंडातली गोळी गिळून टाकली.

पुलाच्या शर्यतीच्या दिवशी ऊन होतं. सासूबाई शेवटच्या वळणावर खुर्ची टाकून बसल्या, लेक शेजारी उभी. जाऊन परत यायचं होतं. परत येताना तडतड्या पुढे होता. आणि वळणावर, दर वेळेसारखीच, खांद्याजवळ ती पावलं वाजली. टपालवाला आला. ह्या वेळी माफी मागत नव्हता, फुत्कारत होता. तो बरोबरीला आला. त्याच्या मिशीचं टोक पुढे गेलं. तडतड्याला हँडलला लोंबणारे आपले बूट दिसले.

"पुढे सरका!" सासूबाई गरजल्या. "पुढे जागा आहे! मधे उभं राहू नका!"

अख्खी गर्दी एक पाऊल पुढे सरकली, आणि तडतड्याही. छातीने फीत तुटली ती त्याच्याच.

तो थांबला. लोक ओरडत होते, पाठीवर थापा मारत होते. त्याने स्वतःच्या आत पाहिलं तर आत काहीच नव्हतं. वीज गेल्यावर मोटारीच्या खोलीत होते तशी शांतता. कोणीतरी त्याच्या पायावर पाय दिला तर तो म्हणाला, "असू दे." आणि तो हसला.

"आई," बायको घाबरून म्हणाली, "हसतायत बघ."

सासूबाईंनी दुरून टपालवाल्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ते शर्यतीआधीच ठरलं होतं. टपालवाला पाण्याचा पेला घेऊन तडतड्याजवळ आला.

"छान पळालात हं, दादा."

तडतड्याच्या भुवईत काहीतरी हललं.

"गुडघा थंडीभर सुजलेला नसता," टपालवाला पुढे म्हणाला, आणि त्याच्या गोल चेहऱ्यावर एक नवीनच, तिखट रेघ होती, "तर तुम्ही अजून पुलावरच असतात."

ठरलं होतं ते फक्त 'हं'पर्यंत. गुडघ्याचं त्याने स्वतःच्या मनाने घातलं होतं.

"काय म्हणालास?" तडतड्याने घेतलेल्या पेल्यातलं पाणी खळखळा उकळलं. "पुलावर? मी? पुढची शर्यत कधी आहे?"

"रविवारी."

"रविवार कशाला? चल! आत्ता! पुलापर्यंत!"

"चला!" टपालवाला ओरडला. "घाबरतो काय!"

फीत अजून जमिनीवरच पडलेली होती. दोघं तिच्यावरून उलट्या दिशेने एकमेकांना शिव्या देत सुटले आणि वळणावरून दिसेनासे झाले. सासूबाईंनी खुर्चीची घडी केली.

"चल घरी," त्या लेकीला म्हणाल्या. "किटली भरून ठेव. गॅस पेटवू नकोस."